डार्टमूर : माणसांनी घडवलेलं ‘रान’

‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा येतं. फाटक, तिकीट, जिप्सी, गाइड, आणि सूर्य मावळायच्या आत बाहेर पडायचं. आतली जमीन सरकारची, आत माणसाला घर करायला मनाई. ही कल्पना आज तासाभरासाठी बाजूला ठेवू या, कारण आपण ज्या उद्यानात जाणार आहोत तिथे तीसेक हजार माणसं राहतात. गावं आहेत, चर्च आहेत, दारूचे गुत्ते आहेत, लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे आणि एक तुरुंगही आहे. बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. मोठा वाटा डची ऑफ कॉर्नवॉलचा, म्हणजे युवराजाच्या जहागिरीचा. आणि तरीही १९५१ सालापासून हे राष्ट्रीय उद्यान आहे.

ठिकाण : इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यातला डेव्हन परगणा. उद्यानाचं नाव डार्टमूर, क्षेत्रफळ साधारण ९५४ चौरस किलोमीटर. सर्वात उंच जागा हाय विलहेज, ६२१ मीटर. सह्याद्री चढणाऱ्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल. पण तिथे अटलांटिककडून येणारा वारा आणि पाऊस अडवायला मध्ये काहीच नाही.

‘मूर’ म्हणजे काय, हे आधी सांगितलं पाहिजे. मूर म्हणजे उंचावरचा, ओलसर, जवळपास झाडं नसलेला माळ. खाली ग्रॅनाइट आहे, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात थिजलेला. वरचे थर झिजून गेले आणि टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे उघडे ढिगारे राहिले. त्यांना तिथे ‘टॉर’ म्हणतात. लांबून बघा, कुणीतरी भाकऱ्यांची चवड रचून ठेवावी तसे दिसतात. ग्रॅनाइटमधून पाणी सहज झिरपत नाही, त्यामुळे उंच पठारावर ते साचून राहतं. त्या पाण्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, मरतं, पण पूर्ण कुजत नाही. त्याचे थरावर थर साचतात. हे पीट. स्पंजासारखं पाणी धरून ठेवणारं. डार्ट, टेन, टॉ, टॅव्ही, प्लिम अशा कितीतरी नद्या या पठारावर उगम पावतात.

आता मुद्द्याकडे येऊ. डार्टमूरवर पहिल्यांदा जाणारा प्रत्येक माणूस म्हणतो, काय हे आदिम रान! आर्थर कॉनन डॉयल १९०१ मध्ये तिथल्या प्रिन्सटाउन गावात मुक्कामाला होते आणि त्यातून बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी आली. धुकं, दलदल, अंधारात ओरडणारं जनावर. शेरलॉक होम्सने जगभरच्या वाचकांच्या मनात डार्टमूर कायमचं भयाण करून ठेवलं. कादंबरी झकास आहे, वादच नाही. पण इतिहास नेमकं उलटं सांगतो. या माळावर माणसाचा हात लागला नाही अशी जागा फार थोडी आहे.

पीटमध्ये हजारो वर्षांचे परागकण जपले जातात. त्यांचा अभ्यास केला की दिसतं की एके काळी या उंचावरही झाडं होती. शिकारी टोळ्यांनी आगी लावल्या, नंतर पशुपालक आले, गुरं चरली, झाडं हटली. झाडं गेल्यावर जमीन आणखी ओली झाली. हवामानही गार-ओलं होत गेलं, त्याचा वाटा आहेच. पण माळ ‘असाच होता’ असं नाही, तो तसा ‘झाला’.

१९७०च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञाने डार्टमूरवरच्या दगडी बांधांकडे नव्याने पाहिलं. गवतात बुडालेले, जेमतेम गुडघाभर उंचीचे हे बांध, तिथल्या भाषेत ‘रीव्ह’, लोकांना पूर्वीपासून माहीत होते. कुणी त्यांना जुने रस्ते समजत, कुणी खाणींच्या हद्दी. फ्लेमिंगने ते नकाशावर मांडले आणि लक्षात आलं की मैलोनमैल एकमेकांना समांतर जाणारे हे शेतांचे बांध आहेत. दरी आली तरी ते वळत नाहीत, उतरून पलीकडे चढतात. काळ सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, कांस्ययुगाचा. थोडा विचार करा. राजा नाही, तलाठी नाही, सात-बारा नाही, आणि तरी एवढ्या मोठ्या पठाराची आखीव वाटणी झालेली आहे. कुणीतरी बसून ठरवलं असणार की इथवर तुमचं, तिथून आमचं, आणि वरचा माळ सगळ्यांचा. त्या बैठकीत किती भांडणं झाली असतील ते आपल्याला सांगायला नको.

या माणसांची घरंही सापडतात. ग्रिम्सपाउंड इथे दगडी कोटाच्या आत चोवीस गोल घरांचे पाये आहेत. पण माझ्या मते सर्वात बोलकी जागा म्हणजे व्हाइटहॉर्स हिल. तिथे २०११ मध्ये पीटच्या ढिगातून डोकावणारी एक दगडी पेटी उघडली गेली. आत एका तरुण व्यक्तीची जळालेली हाडं, अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली. सोबत विणलेली टोपली, अंबरचे मणी, खाजखुजलीसारख्या नेटल या वनस्पतीच्या धाग्याचा पट्टा आणि कथलाच्या बारीक खिळ्या बसवलेलं कडं. हे सगळं सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचं. एरवी कातडं, धागा, टोपली कधीच कुजून गेली असती. पीटमध्ये हवा शिरत नाही म्हणून ती टिकली.

त्यातलं कथील लक्षात ठेवा. आपल्या आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई व्हायची, तेच हे कथील. तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील मिसळलं की कांसं होतं. तांबं पुष्कळ ठिकाणी मिळतं, कथील फार थोड्या ठिकाणी. डेव्हन आणि कॉर्नवॉल त्यांपैकी एक. मध्ययुगात डार्टमूरवर कथील काढण्याची पद्धत मुख्यतः पाण्याची होती. ओढ्याकाठचा गाळ उकरायचा, त्यावर पाटाचं पाणी सोडायचं, हलकी माती वाहून जाते आणि जड खनिज तळाशी राहतं. आपल्याकडे सोनारांच्या दारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत, त्याच युक्तीचा हा अवाढव्य अवतार. आजही डार्टमूरच्या दऱ्यांमध्ये दगडमातीचे जे उंचवटे दिसतात, ते या लोकांनी उपसलेले ढीग आहेत.

राजाला कर हवा होता, म्हणून या कथीलवाल्यांना भलतेच अधिकार मिळाले. १३०५ मध्ये पहिल्या एडवर्डने त्यांना सनद दिली. त्यांची स्वतःची न्यायालयं, स्वतःचा तुरुंग. टॅव्हिस्टॉक, ॲशबर्टन, चॅगफर्ड आणि नंतर प्लिम्पटन या चार गावी माल तपासून, शिक्का मारून कर भरायचा. शिवाय त्यांची सभा भरे ती क्रॉकर्न टॉर नावाच्या टेकडीवर, उघड्यावर, वाऱ्यापावसात. तुरुंग होता लिडफर्डच्या किल्ल्यात आणि त्याची कीर्ती अशी की ‘लिडफर्डचा कायदा’ म्हणजे आधी शिक्षा, मग चौकशी, अशी म्हणच पडली.

इथे एक प्रकरण घडलं, आणि त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. गाळ धुतला की तो जातो कुठे? नदीतून खाली, बंदरात. प्लिम्पटन हे गाव गाळाने बंदरापासून तुटत चाललं होतं. तिथला खासदार रिचर्ड स्ट्रोड. तो स्वतः कथीलवाला, तरी त्याने कथीलवाल्यांना आळा घालणारी विधेयकं संसदेत मांडायचा प्रयत्न केला. कथीलवाले खवळले. त्यांनी आपल्या चारही न्यायालयांत त्याच्यावर खटले भरले, प्रत्येक ठिकाणी चाळीस पौंड दंड ठोठावला आणि त्याला लिडफर्डच्या कोठडीत टाकलं. स्ट्रोडने संसदेकडे दाद मागितली. १५१२ मध्ये संसदेने कायदा करून ते निकाल रद्द केले : सभागृहात मांडलेल्या गोष्टीबद्दल सदस्यावर बाहेरच्या न्यायालयात कारवाई नाही. पुढे १६८९च्या बिल ऑफ राइट्समध्ये हे तत्त्व पक्कं झालं. आपल्या संविधानातले अनुच्छेद १०५ आणि १९४, म्हणजे खासदार-आमदारांचे विशेषाधिकार, याच परंपरेतून येतात. मूळ मजकुरात तर ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचं नावच होतं. ते १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने काढलं. विधानभवनात ‘हक्कभंग’ हा शब्द उठला की मला हटकून गाळाने भरलेलं ते बंदर आठवतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्याच माणसांची नजर माळावर पडली. ‘पडीक’ जमीन सुधारणारे! थॉमस टिरव्हिट हा युवराजाच्या दरबारातला माणूस. त्याला माळावर शेती करायची होती, अळशी पिकवायची होती, वस्ती वसवायची होती. युवराजाच्या नावाने प्रिन्सटाउन हे गाव वसलं. अळशी काही पिकली नाही. पण नेपोलियनशी युद्ध चालू होतं, कैद्यांना जागा हवी होती, आणि टिरव्हिटने तुरुंगाची कल्पना पुढे रेटली. १८०९ मध्ये तुरुंग सुरू झाला. आधी फ्रेंच कैदी, मग १८१३ पासून अमेरिकनही. थंडी, ओल, देवी, गोवर; शेकड्यांनी माणसं मेली. युद्ध संपल्यानंतरही सुटकेला उशीर झाला आणि ६ एप्रिल १८१५ रोजी पहारेकऱ्यांनी अमेरिकन कैद्यांवर गोळ्या झाडल्या. गावातलं चर्च बांधलं ते याच युद्धकैद्यांनी. १८५० पासून तिथे साधे गुन्हेगार ठेवू लागले. आणि २०२४ मध्ये तुरुंग रिकामा करावा लागला. कारण रेडॉन, ग्रॅनाइटमधून झिरपणारा किरणोत्सारी वायू. माळाच्या पोटातल्या दगडाने शेवटी हा हिशोब केला, असं म्हणायचा मोह होतो.

आता वन्यजीवन, आणि त्याला चिकटलेलं आजचं भांडण. डार्टमूरवर चंडोल भरपूर, वसंतात कोकिळेचा तो युरोपीय भाऊ ‘कुक्कू’ ऐकू येतो, ओल्या खोऱ्यांत मार्श फ्रिटिलरी नावाचं दुर्मीळ फुलपाखरू आहे. विस्टमन्स वुड नावाचं छोटंसं ओकचं बन आहे. झाडं खुरटी, वेडीवाकडी, शिळांच्या फटींतून उगवलेली, शेवाळाने माखलेली. शिळांमुळे गुरांचं तोंड रोपांपर्यंत पोचलं नाही म्हणून ते वाचलं असावं. आणि पोस्टकार्डावर असतात ती डार्टमूरची तट्टं. ती रानटी दिसतात, पण रानटी नाहीत. प्रत्येकाला मालक आहे. शरद ऋतूत ती हाकून गोळा करतात, मोजतात.

उद्यानाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग हा गायरानासारखा आहे. जमीन एकाची, पण गुरं, मेंढ्या, तट्टं चारायचा हक्क आसपासच्या शेतकऱ्यांचा, पिढ्यान् पिढ्यांचा. १९८५ मध्ये खास डार्टमूरसाठी कायदा झाला, त्यात हे हक्क नीट बांधले गेले. २०२३ मध्ये सरकारच्या निसर्गरक्षण संस्थेने म्हटलं की मेंढ्या फार झाल्या, हेदर मरतंय, संख्या कमी करा. शेतकरी भडकले. त्याच वर्षअखेरीस स्वतंत्र समितीचा अहवाल आला आणि त्यात गुंतागुंत दिसली. मोलिनिया नावाचं एक उंच गवत माळ गिळत चाललंय. मेंढ्या ते फारसं खात नाहीत. गुरं आणि तट्टं उन्हाळ्यात खातात. म्हणजे काही ठिकाणी जनावरं कमी नव्हे, वेगळी आणि वेगळ्या वेळी हवीत. निसर्ग वाचवायचा म्हणून माणूस आणि जनावर बाहेर काढा, हा सरळ उपाय इथे चालत नाही, कारण ज्याला वाचवायचंय ते चराईनेच घडलेलं आहे. माझं मत शेतकऱ्यांकडे झुकतं हे कबूल करतो, पण पीट सुकतंय हेही खोटं नाही.

दुसरा वाद झोपण्याचा! १९८५च्या त्याच कायद्यात जनतेला या माळावर पायी आणि घोड्यावरून ‘मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी’ फिरायचा हक्क दिला आहे. लोक पाठीवर तंबू घेऊन जात, रात्र काढत, सकाळी निघत. एका जमीनमालक दांपत्याने विचारलं, झोपणं हा विरंगुळा कसा? जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. त्यानंतर हजारो लोक माळावर निषेधाला जमले. जुलैमध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की तंबूत रात्र काढणं हा मोकळ्या हवेतला विरंगुळाच आहे.

तेव्हा आज डार्टमूरच्या त्या गायरानावर तुम्ही मालकाला न विचारता तंबू ठोकू शकता. मात्र लष्कराच्या गोळीबाराचं वेळापत्रक आधी बघून घ्या, आणि तंबू रीव्हवर ठोकू नका. आता प्रश्न घेऊ.