दिनविशेष : १५ मार्च
मुंबईत वाजलेलं बीटल्सचं गाणं

१९६८ : ‘लेडी मॅडोना’ ही बीटल्सची तबकडी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मागच्या बाजूला होतं याच बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचं ‘द इनर लाइट’. या गाण्याचं वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित झालं ते मुंबईत!

त्या वर्षी जानेवारीत ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी हॅरिसन मुंबईला आला होता. फोर्ट भागात फिरोजशाह मेहता रोडवरच्या एचएमव्ही स्टुडिओत चित्रपटाचं काम उरकल्यावर त्याने या गाण्याची चालही वाजवून घेतली. सरोदवर आशिष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सनईवर हनुमान जाधव, पखवाजावर महापुरुष मिश्र आणि पेटीवर रिजराम देसाद होते. गिटार किंवा ड्रम औषधालाही नव्हते.

फेब्रुवारीत लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्यावर हॅरिसनचा आवाज चढला. शेवटी बँडमधले त्याचे साथीदार लेनन आणि मॅकार्टनी यांनी साथीचे सूर मिसळले. शब्दांचा आधार चीनमधला प्राचीन ग्रंथ ‘ताओ ते चिंग’. तो सुचवणारे ह्वान मास्कारो हे केंब्रिजमधले संस्कृतचे अभ्यासक.

बीटल्सच्या सिंगल तबकडीवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ. सायकेडेलिक रॉकच्या त्या काळात अनेक बँड सतारीचा फोडणीपुरता वापर करत होते. इथे मात्र अख्खा स्वयंपाकच हिंदुस्थानी होता. पुढे १९८८ मध्ये ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहातून हे गाणं नव्या पिढीपर्यंत पोचलं.