प्राप्तिकराची नोटीस आणि आपली एकत्र कुटुंबे

शिरूर अनंतपाळचा परिसर 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामी अमलाखाली होता. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत. कचेरीचा कारभार उर्दूत, सन फसली, नाणे हाली. दुकानाच्या रोजकीर्दी व खतावण्या मात्र मोडीत. सरकारी कागद आला की प्रथम तो वाचणारा मुनशी शोधणे आले! संस्थानचा स्वतंत्र प्राप्तिकर कायदा फसली 1357 चा, म्हणजे इ.स. 1947-48 चा. तो फार काळ टिकला नाही. 1 एप्रिल 1950 पासून भारत सरकारचा 1922 चा कायदा येथे लागू झाला.

शेतीचे उत्पन्न या करातून मुक्त होते. परंतु शेतीच्या जोडीला ज्यांची अडत वा किराण्याचे दुकान होते, त्यांना नोटिशीचा संबंध येऊ शके. उत्पन्नाचे पत्रक भरण्यास निदान तीस दिवसांची मुदत असे. कित्येकांना वाटते की नोटीस घेतलीच नाही म्हणजे सुटलो. हा निव्वळ भ्रम होय. दिवाणी समन्साप्रमाणे ती दारावर चिकटवूनही बजावता येई. उत्तर न दिल्यास अधिकारी आपल्या अंदाजाने आकारणी करी. गैरहजेरीस सबळ कारण असल्यास ती रद्द करून घेण्यासाठी मागणीची नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात अर्ज करावा लागे.

आपल्या घरांचा खरा प्रश्न मात्र निराळाच. वडील वारले, भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, पण दुकान थोरल्या बंधूंच्या नावेच राहिले, ही गोष्ट आपल्याकडे सर्वपरिचित आहे. लोकांच्या लेखी ते विभक्त. कायद्याच्या लेखी नव्हे. 1928 साली त्या कायद्यात 25-अ हे कलम घातले गेले. पूर्वी ज्याची आकारणी एकत्र म्हणून झाली, अशा कुटुंबाने वाटणी झाल्याचे आकारणीच्या वेळी सांगावयाचे. अधिकाऱ्याने सर्व भाऊबंदांना नोटीस देऊन चौकशी करावयाची, आणि मालमत्ता निश्चित हिश्शांनी वाटली गेल्याची खात्री पटल्यास तसा हुकूम नोंदवावयाचा. हुकूम नसेल तर कुटुंब एकत्रच धरले जाई, व साऱ्या मिळकतीची बेरीज होऊन चढत्या दराने कर बसे. मला हा नियम कठोर वाटतो, पण अन्यायाचा वाटत नाही. चूल कोणी केव्हा वेगळी मांडली हे सरकारने कसे जाणावे?

1961 च्या कायद्यात हीच तरतूद 171 व्या कलमात आली. पुढे 31 डिसेंबर 1978 नंतरची अर्धवट वाटणी करापुरती अमान्य ठरविण्यात आली. म्हणजे त्यानंतर केवळ दुकान वाटून वाडा सामाईक ठेवणारे भाऊ करापुरते एकत्रच राहिले.

जुनी वाटणीपत्रे अनेकांच्या पेट्यांत मोडीत पडून आहेत. त्यांचे बाळबोध लिप्यंतर जाणत्याकडून वेळीच करून घ्यावे. फसली सनात 590 मिळवावे. रक्कम हाली असल्यास सुमारे 116 हाली म्हणजे 100 कलदार, हा हिशेब लक्षात ठेवावा.