हवाई छायाचित्रांचं दप्तर : राजूर परिसराच्या निमित्ताने



इतिहासाचं दप्तर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोडी कागदांचे रुमाल येतात. आज आपण ज्या दप्तराचा विचार करणार आहोत, त्यात अक्षरं जवळजवळ नाहीतच. विमानातून आणि पुढे उपग्रहातून घेतलेल्या जुन्या छायाचित्रांचं हे दप्तर आहे.

राजूरला हा विषय कशासाठी, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला आपला ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा आहे, हे दाखवावं लागतं. आता ज्याच्या आजोबाच्या नावावर त्या जमिनीचा सातबाराच कधी नव्हता, त्याने कागद आणायचा कुठून? २००८ च्या नियमांनी पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, नकाशे यांच्याबरोबर उपग्रहाची चित्रंही घेतली. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी भलत्याच कामासाठी टिपलेलं चित्र आज अकोले तालुक्यातल्या एखाद्या घराच्या उपयोगी पडू शकतं.

ही चित्रं घेतात कशी? विमान सरळ पट्ट्यात उडतं आणि कॅमेरा ठरावीक अंतराने खाली बघून चित्र घेतो. प्रत्येक चित्रातला साधारण ६० टक्के भाग पुढच्या चित्रात पुन्हा येतो. अशी जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवली की सपाट कागदावरचे डोंगर उठून उभे राहतात. पण एक अडचण बघा. १५२ मिलिमीटरची लेन्स आणि जमिनीपासून ३,८०० मीटर उंची असेल, तर चित्राचं प्रमाण १ : २५,००० येतं. आपल्याकडे मात्र १,६४६ मीटरचं कळसूबाई आहे आणि पायथ्याला प्रवरेचं खोरं आहे. माथा कॅमेऱ्याच्या जवळ, खोरं लांब. एकाच चित्रात दोन प्रमाणं! दुरुस्ती न करता अशा चित्रावर पट्टी ठेवून शेत मोजलं, तर हिशेब चुकणारच.

म्हणून नुसती फिल्म जपून भागत नाही. उड्डाणाची तारीख, पट्ट्याचा क्रमांक, उंची, लेन्स ही नोंदही जपावी लागते. नोंद हरवलेलं चित्र म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. फिल्मचंही आयुष्य बेताचं असतं. जुनी ॲसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत कुजू लागते, तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो, ती आक्रसते. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेतला, तर थंड-कोरडी खोली आणि वेळेवर केलेलं स्कॅनिंग ही गरजच ठरते.

दुसरा प्रश्न वाटून घेण्याचा. आपल्या देशात हवाई छायाचित्रं दीर्घकाळ संरक्षण खात्याच्या परवानगीच्या कुलपात राहिली. त्यामागे सुरक्षेचं कारण होतं, ते आपण नाकारत नाही. पण अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी घेतलेली कोरोना उपग्रहांची आठ लाखांहून अधिक चित्रं १९९५ मध्ये खुली केली. एडिंबरोच्या संग्रहातली महायुद्धकाळातली चित्रं आज न फुटलेले बॉम्ब शोधायलाही उपयोगी पडतात. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरचे बरेच निर्बंध सैल झाले. जुन्या हवाई चित्रांकडेही त्याच उदारपणे पाहिलं जावं, असं आम्हाला वाटतं.

मात्र चित्र मिळालं म्हणजे सत्य हाती आलं, असं समजू नका. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात, १९८० च्या दशकापासून, एक ठिपका ३० मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. उतारावरचा नागलीचा लहान तुकडा त्यात विरून जातो. शिवाय नागली-वरईची जमीन काही वर्षं पडीक ठेवतात. नेमकं त्या साली चित्र घेतलं असेल, तर ‘इथे शेती नव्हती’ असा निष्कर्ष निघायचा! २०१२ च्या सुधारित नियमांनी म्हणूनच स्पष्ट केलं, की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड देईल, त्यांची जागा घेणार नाही.

आमचा पिंड तत्त्वज्ञानाचा, म्हणून न्यायशास्त्राच्या भाषेत सांगतो. चित्र प्रत्यक्ष वाटतं, पण ते वाचताना आपण अनुमान करत असतो. उन्हाळ्यातल्या चित्रात एक काळा डाग दिसला. तो राब भाजल्याचा, की वणव्याचा? भातखाचराच्या कडेला असेल तर राबाचा, हे इथला शेतकरी चटकन सांगेल. त्याचं सांगणं हे शब्दप्रमाण. ते नसेल तर आपलं अनुमान लंगडं पडतं.

आणि हे प्रमाण फार काळ थांबणारं नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याआधीचं ते खोरं पाहिलेलं माणूस आज कुठून मिळणार? निळवंड्याच्या पाण्याखाली गेलेली शेतं कसलेली माणसं मात्र अजून आपल्यात आहेत. या भागाची जुनी चित्रं जिथून मिळतील तिथून मिळवावीत, मोठ्या आकारात छापावीत, ग्रामसभेत मांडावीत. कुठली पायवाट, कुठलं खळं, कुठली देवराई, हे म्हाताऱ्या माणसांनी बोटाने दाखवावं आणि शाळेतल्या पोरांनी सांगणाऱ्याच्या नावासह लिहून घ्यावं. फिल्म थंड खोलीत आणखी काही वर्षं टिकेल. ती वाचणारी माणसं तशी टिकवता येत नाहीत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करू या.