घरपोच मालाची हमाली



मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा काही इतिहासाचे लिहावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणे हे विद्वानांचे काम. परंतु वाणसामान घरी येते कसे आणि त्याची हमाली कोण भरते, हा हिशेब गेली वीस-बावीस वर्षे मी स्वयंपाकघरात बसून करीत आले आहे. त्या हिशेबालाही इतिहास आहे. वाचून आणि विचारून तो जेवढा समजला, तेवढा येथे मांडते.

अलीकडे फोनवर बोट ठेवले की तांदळापासून कोथिंबिरीपर्यंत सारे दारात येते. बिलाखाली कधी ‘घरपोच मोफत’ असे लिहिलेले असते, तर कधी चाळीस-पन्नास रुपये लावलेले असतात. मोफत वाचून आपण सुखावतो, आकार पाहून चिडतो. पण माल काही आपल्या पायांनी चालत येत नाही. तो कोणीतरी उचलून आणतो, आणि उचलणाऱ्याला पोट असते. तेव्हा हमाली कोणीतरी भरलेलीच असते. ती कोणी भरली, एवढाच प्रश्न.

आपल्या भागात हा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून जुन्नरकडे जाता येते. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या वाटेने वर जाई. घाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. पुढेही कित्येक शतके लमाणांचे बैलांचे तांडे कोकणातले मीठ देशावर नेत आणि देशावरचे धान्य खाली आणीत. बैलाचा चारा, माणसाची भाकरी आणि वाटेवरची जकात हे सारे त्या मिठाच्या दरात मिळवलेले असे. देशावरच्या बाईने हमाली म्हणून वेगळा पैसा मोजला नाही. तिने तो मिठाच्या किमतीतच मोजला.

मग आगगाडी आली. १८५३ साली ती मुंबईहून ठाण्यापर्यंत धावली, १८५४ साली कल्याणला, १८५५ साली वाशिंदला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोचली. आपले आसनगाव याच मार्गावर. शहापूरचे स्टेशन ते हेच. १८६५ साली थळ घाट ओलांडून गाडी इगतपुरीला गेली आणि घाटातल्या बैलांचे काम सरत गेले. दूरची वाहतूक स्वस्त झाली. मात्र स्टेशनापासून घरापर्यंतचा शेवटचा कोस तसाच राहिला. याचे कारण साधे आहे. गाडीत शेकडो पोती एकदम चढतात, म्हणून एका पोत्याच्या वाट्याला खर्च थोडा येतो. तीच पोती फुटून शेकडो घरी जायची म्हटली की प्रत्येक घराला वेगळी खेप आणि वेगळे पाय लागतात. घरपोच मालाचा सारा खर्च या शेवटच्या कोसात दडलेला आहे.

हा कोस सर्वांना सारख्या दराने पार करून देणारी एक व्यवस्था आपल्या देशात फार पूर्वीच निघाली. ती म्हणजे टपाल. १८५४ साली टपालाचा दर एक झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. मोठ्या शहरात पत्र वाटणे सोपे, आडगावी अवघड. शहराच्या सोयीतून आडगावचा खर्च निघे. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाले. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांची. सारख्या नावाची गावे, नाना लिप्या, अस्पष्ट पत्ते यांतून वाट काढून पत्र बरोबर ठिकाणी पडावे, हा त्या सहा आकड्यांचा हेतू. हे आकडे ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

खर्च कमी करण्याची दुसरी रीत मुंबईच्या डबेवाल्यांनी दाखवली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी तो धंदा उभा केला. तीच घरे, तीच कचेरी, तीच वेळ, आणि पैसे महिन्याचे. एका माणसाच्या पाटीत अनेक डबे, आणि दूरचा पल्ला लोकलने. म्हणून एका डब्यामागे हमाली बेताची पडते. आज उठून एक डबा अंधेरीला आणि उद्या भलत्या वेळी दुसरा कुलाब्याला न्यायचा असता, तर हा धंदा महिनाभरही टिकला नसता.

तिसरी रीत बायकांची. महागाई वाढली तेव्हा १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी नि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. पुढे १९७५ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. संगीतकार सुधीर फडके यांनीही त्या कामाला हात लावला. तिची पद्धत आपण बायकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. शेजारपाजारच्या घरांनी एक संघ करायचा. महिन्याची यादी आधी भरून द्यायची आणि पैसेही आधी. पंचायत घाऊक भावाने माल घेते आणि संघातील एका घरी एकदम उतरवते. तेथे बायका जमून आपापला माल वाटून नेतात. म्हणजे गाडीची खेप एक आणि घरे अनेक. शेवटचा कोस उरतच नाही, उरतो तो जिना नि अंगण. हमाली येथेही आहेच. पण ती आपल्याच हातांनी, वाटून आणि उघड डोळ्यांनी केलेली.

फोनवरच्या दुकानांनी यांतले काय घेतले, ते आता पाहू. अमेरिकेत वेबव्हॅन नावाच्या कंपनीने १९९९ साली घरपोच वाणसामान सुरू केले. ठरावीक रकमेवरच्या खरेदीला हमाली मोफत होती. प्रचंड गोदामे बांधली, भांडवल ओतले, आणि २००१ साली दिवाळे निघाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टेस्को आपल्या चालू दुकानांतूनच माल पाठवी आणि पोचवण्याचे पाच पौंड उघडपणे घेई. तिचे काम टिकले. आपल्याकडे १९९९ साली बंगळुरात फॅबमार्ट निघाले, आणि त्याच मंडळींपैकी काहींनी २०११ साली बिगबास्केट काढले. २०१३ साली ग्रोफर्स आले, त्याचे २०२१ साली ब्लिंकिट झाले. त्याच वर्षी मुंबईत झेप्टो निघाले आणि दहा मिनिटांत माल देण्याची भाषा सुरू झाली. सुरुवातीला गिऱ्हाईक जोडण्यासाठी हमाली भांडवलातून भरली जाते. सवय लागली की बिलात ओळी वाढतात: पोचवण्याचा आकार, हाताळणीचा आकार, छोट्या खरेदीचा आकार, पावसाचा आकार. सप्टेंबर २०२५ पासून अशा घरपोच सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा करही बसला.

एक साधा हिशेब मांडू. समजा पोचवण्याचे चाळीस रुपये पडतात. पाचशेच्या सामानावर ते शेकडा आठ झाले. दोन हजारांच्या सामानावर शेकडा दोन. आणि दोनशेच्या दूधभाजीवर शेकडा वीस! ज्या घरी रोजच्या मजुरीवर रोजचे सामान येते, तिथे हमाली सर्वांत जड पडते. महिन्याचे एकदम भरणाऱ्या सुखवस्तू घराला ती जाणवतही नाही.

आता आपल्याकडचे पाहा. भिवंडीत गोदामांचे केवढे मोठे जाळे उभे राहिले आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने रात्रंदिवस त्यांच्या मालाच्या गाड्या जातात. डोंबिवलीच्या माझ्या जाऊबाईंना चहा उकळेपर्यंत साखर मिळते. आमच्या घरी मात्र मुलाने फोनवर यादी भरली आणि शेवटी पिनकोड घातला, तर उत्तर आले, ‘या ठिकाणी सेवा नाही’. दुसऱ्या एका दुकानाने माल दिला, पण पाच किलो तांदळावर आकार असा लावला की तांदूळ परत ठेवावासा वाटला. जे आकडे पत्र सर्वांपर्यंत पोचावे म्हणून काढले, तेच आकडे आता कोणाकडे जायचे नाही ते ठरवायला वापरतात! कंपनीचा हिशेब तिच्या परीने बरोबर असेल, कारण घरे विरळ म्हणजे खेप महाग. पण टपालाने हा खर्च साऱ्या देशात वाटला होता, हे विसरून चालणार नाही.

आणि ज्या पाड्यावर कोणीच जात नाही, तिथे माल पोचत नाही काय? पोचतो. बाईच्या डोक्यावरून पोचतो. स्टेशनावर उतरून, डोक्यावर पिशवी नि कडेवर मूल घेऊन डोंगराच्या पायथ्याशी चालत जाणाऱ्या बाया आपण रोज पाहतो. तानसा नि भातसाचे पाणी याच तालुक्यातून मुंबईच्या नळापर्यंत घरपोच जाते, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहून बाया हंडे वाहतात. त्या हमालीचा आकार कुठल्याच बिलात येत नाही, म्हणून ती कोणी मोजत नाही. मोटारसायकलवरून पावसात येणाऱ्या मुलाची हमालीही ‘मोफत’ या शब्दाखाली अशीच झाकली जाते.

माझे सांगणे एवढेच. मोफत या शब्दाला भुलू नये आणि रास्त आकाराला नाक मुरडू नये. घेण्यापूर्वी हमाली धरून किलोचा भाव काढावा, आणि आपल्या आळीतल्या वाण्याच्या भावाशी ताडून पाहावा. २०२० च्या टाळेबंदीत दारात पीठ-मीठ कोणी पोचवले, तेही आठवावे. शक्य असेल तर आठ-दहा घरांची यादी एकत्र करून महिन्यातून एकदाच माल उतरवून घ्यावा. त्यासाठी आपल्या मंडळाची खोली आहे, तराजू आहे, आणि हिशेब ठेवणाऱ्या भगिनीही आहेत. त्या खेपेत वरच्या पाड्यावरच्या दोन घरांची यादी आपण मिळवून घेतली, तर त्यांची हमाली साऱ्यांत वाटली जाईल.

यावर येत्या बैठकीत विचार व्हावा, अशी विनंती करून लेखणी खाली ठेवते.