तंबाखूविक्रीची तपासणी : मॅसॅच्युसेट्समधील स्थानिक आरोग्यमंडळांचा अनुभव

मालाची तपासणी करणारा अधिकारी हा राज्यव्यवस्थेचा जुना घटक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पण्याध्यक्ष, संस्थाध्यक्ष व पौतवाध्यक्ष यांची कर्तव्ये सविस्तर सांगितलेली आढळतात. अशा अधिकाऱ्यापुढे नेहमी एखादी वस्तू असते. दुधात पाणी किती, मापात खोट किती, हे तो नमुना घेऊन ठरवू शकतो. तंबाखूच्या किरकोळ विक्रीची तपासणी मात्र वेगळ्या जातीची आहे. माल कसा आहे यापेक्षा तो कोणाच्या हाती दिला जातो, हा येथे मुख्य प्रश्न असतो. म्हणजे वस्तूऐवजी एक क्रिया तपासावयाची असते, आणि ती क्रिया मागणी केल्यावाचून घडतच नाही. दूध-पाण्याची परीक्षा करणाऱ्या आरोग्य-कर्मचाऱ्यांना हे नवे काम शिकविण्याचा जो प्रयत्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या उदाहरणावरून करावयाचा आहे.

या राज्यातील सार्वजनिक आरोग्याची परंपरा विशेष जुनी आहे. लेम्युएल शॅटक यांचा प्रसिद्ध अहवाल इ. स. १८५० चा, राज्याचे आरोग्यमंडळ इ. स. १८६९ मध्ये स्थापन झाले. राज्यात ३५१ शहरे व गावे असून वाजवी आरोग्य-नियम करण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यानेच स्थानिक आरोग्यमंडळांना दिलेला आहे. पाणी, सांडपाणी, उपाहारगृहे व साथीचे रोग ही त्यांची नेहमीची कामे होत.

अल्पवयीनांस तंबाखू विकण्यास बंदी करणारे कायदे अनेक अमेरिकन राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होते. पण ते पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी निश्चितपणे कोणाकडेच नव्हती. इ. स. १९८७ मध्ये जोसेफ डिफ्रँझा व त्यांचे सहकारी यांनी मॅसॅच्युसेट्समधील १०० दुकानांत एका अकरा वर्षांच्या मुलीस पाठविले, तेव्हा तिला ७५ ठिकाणी सिगारेट मिळाली. शतकभराच्या कायद्यांचे व्यवहारातील मोल या एका आकड्याने उघड झाले. पुढे इ. स. १९८९ मध्ये इलिनॉय राज्यातील वुडरिज या गावाने परवाना, अचानक तपासणी व दंड यांची सांगड घातली. सुमारे दोन वर्षांत तेथील चाचणी-खरेदीतील बेकायदा विक्री सुमारे ७० टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आली, आणि शालेय मुलांतील धूम्रपानही निम्म्याहून कमी झाल्याचे लिओनार्ड जेसन यांच्या इ. स. १९९१ मधील निबंधात नोंदविले आहे. इ. स. १९९२ मध्ये काँग्रेस-सदस्य माइक सिनार यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती संमत झाली. तिच्या इ. स. १९९६ च्या नियमांनुसार प्रत्येक राज्याने दरवर्षी यादृच्छिक व पूर्वसूचनेविना तपासणी करून बेकायदा विक्री २० टक्क्यांवर आणावी, अन्यथा व्यसनमुक्तीसाठी मिळणाऱ्या केंद्रीय अनुदानाचा मोठा भाग गमवावा, असे ठरले. त्याच १९९२ साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी सिगारेटवर प्रत्येक पाकिटामागे २५ सेंटचा वाढीव कर मान्य केला. त्यातून इ. स. १९९३ मध्ये राज्याचा तंबाखू-नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला व स्थानिक आरोग्यमंडळांकडे या कामासाठी पैसा आला.

लहान गावांत मंडळाचा कर्मचारी बहुधा एकटा, कित्येकदा अर्धवेळ. म्हणून शेजारच्या गावांनी एकत्र येऊन संयुक्त कार्यक्रम चालविले. या कर्मचाऱ्यांना जे शिकावे लागले, ते त्यांच्या पूर्वीच्या विद्येहून भिन्न होते. खरेदीसाठी पाठवावयाचा मुलगा किंवा मुलगी निवडणे, पालकांची लेखी संमती घेणे, वयाचा पुरावा व छायाचित्र जपून ठेवणे, मुलाने खोटे वय सांगू नये अशी ताकीद देणे, दुकानातून परतताच विक्रेत्याने वय विचारले काय, ओळखपत्र मागितले काय, माल दिला काय, याची वेळेसह नोंद करणे, खरेदी केलेले पाकीट पुरावा म्हणून राखणे, आणि शेवटी मालकास नोटीस देऊन मंडळापुढे त्याचे म्हणणे मांडण्याची संधी देणे, असा हा क्रम होय. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता हा एक अत्यंत छोटा, पूर्वनियोजित संवाद आहे. त्यात एका पक्षाची वाक्ये आधीच ठरलेली असतात, आणि दुसऱ्या पक्षाच्या एका प्रश्नावर अथवा मौनावर कायद्याचे पालन ठरते.

या तपासणीचे फळ काय? सिनार दुरुस्तीखाली नोंदविलेली देशातील सरासरी बेकायदा विक्री इ. स. १९९७ मध्ये सुमारे ४० टक्के होती, इ. स. २०११ च्या सुमारास ती १० टक्क्यांच्या खाली गेली. परंतु नॅन्सी रिगॉटी व सहकाऱ्यांचा इ. स. १९९७ चा अभ्यास येथे मुद्दाम ध्यानात घेतला पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधील सहा गावांपैकी तिहींत आरोग्य खात्याने नियमित चाचणी-खरेदी करून कायदा राबविला, तिहींत तसे केले नाही. पहिल्या तिहींत ८२ टक्के दुकानदार कायदा पाळताना आढळले, दुसऱ्या तिहींत ४५ टक्के. असे असूनही मुलांना तंबाखू मिळणे फारसे अवघड झाले नाही आणि धूम्रपानही घटले नाही.

ही विसंगती कशामुळे निर्माण झाली असावी? चाचणीतील मुलगा अनोळखी असतो व खरे बोलतो. गावातील धूम्रपान करणारा मुलगा मात्र कोणत्या दुकानात कोणत्या वेळी विचारणा होत नाही हे जाणतो, प्रसंगी वय खोटे सांगतो, किंवा मोठ्या मित्राकडून पाकीट मिळवितो. शंभरातील अठरा दुकाने उघडी राहिली, तरी त्याची सोय होते. ज्या डिफ्रँझांच्या चाचणीने या चळवळीस चालना दिली, त्यांनीच पुढे केंद्रीय तपासणीची पद्धत वास्तवापासून दूर असल्याची टीका केली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वुडरिज व रिगॉटी यांचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात. पण वुडरिजमध्ये विक्री जवळजवळ शून्यावर आली होती हा फरक निर्णायक असणे संभवनीय आहे. तपासणीचा आकडा सुधारणे आणि मुलांच्या हातून तंबाखू सुटणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

पुढील इतिहास थोडक्यात असा. इ. स. २००२ नंतर मॅसॅच्युसेट्सने या कार्यक्रमाचा निधी फार मोठ्या प्रमाणावर छाटला, आणि बेकायदा विक्री पुन्हा वाढल्याचे दिसले. केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाने इ. स. १९९६ मध्ये केलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने इ. स. २००० मध्ये अधिकाराबाहेरचे ठरविले, इ. स. २००९ च्या कायद्याने तो अधिकार त्या प्रशासनास स्पष्टपणे मिळाला. नीडहॅम या मॅसॅच्युसेट्समधील गावाने इ. स. २००५ मध्ये विक्रीची वयोमर्यादा २१ केली, आणि इ. स. २०१९ च्या डिसेंबरात तीच मर्यादा संपूर्ण देशास लागू झाली. स्थानिक मंडळाचे लहानसे धाडस राष्ट्राचा कायदा कसे होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्याकडील इ. स. २००३ च्या कायद्याशी तुलना केल्यास एक भेद चटकन नजरेत भरतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री नको, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री नको, आणि दुकानावर किमान ६० × ३० सेंटिमीटरचा फलक हवा, अशी ही व्यवस्था आहे. यांपैकी अंतर व फलक टेपने मोजता येतात. वयाची अट मोजता येत नाही. ग्राहक अल्पवयीन नव्हता हे सिद्ध करण्याचा भार नियमांनी विक्रेत्यावर टाकला आहे खरा, पण वयाचा पुरावा त्याने शंका आल्यास मागावा, आणि तोही ‘मागू शकेल’ अशा वैकल्पिक क्रियापदात. अमेरिकन नियमात २७ वर्षांखालील दिसणाऱ्याच नव्हे, तर असणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचे छायाचित्रयुक्त ओळखपत्र पाहणे बंधनकारक होते, इ. स. २०२४ मध्ये ती मर्यादा ३० वर्षांवर गेली. शंका हा विक्रेत्याच्या मनातील व्यापार. तो तपासनीसाने कसा तपासावा? पानटपरीवरच्या तपासणीत फलक व अंतर यांवरच भर पडण्याचा धोका कायद्याच्या शब्दरचनेतच आहे.

तात्पर्य, तपासनीसाच्या शिक्षणात नोंदीचे तंत्र आवश्यक असले, तरी आपण भरलेला तक्ता कशाचे मापन करतो व कशाचे करीत नाही, याचे भान त्याहून अधिक आवश्यक आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मंडळांनी हे ज्ञान दहा वर्षांच्या श्रमाने मिळविले. आपल्याकडील जिल्हा-पातळीवरील तपासणीच्या नोंदी कोणी अभ्यासकाने याच दृष्टीने तपासल्यास तो अभ्यास आरोग्य व विधिशास्त्र या दोन्ही शाखांना उपकारक होईल.