रोखून धरलेले उत्तर
ब्राउझरने मागावे आणि सर्व्हरने, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संगणकाने, द्यावे, ही वेबची मूळ रीत असल्याने ताजा धावफलक पाहण्यासाठी अख्खे पान पुन्हा मागवावे लागे. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत आलेल्या सुविधेमुळे अख्खे पान न मागवता हवी तेवढीच माहिती मागवता येऊ लागली, पण मागणे सुटले नाही. त्यातून निघालेली ‘लाँग पोलिंग’ची युक्ती खरोखर कल्पक होती : सर्व्हर विनंती स्वीकारून उत्तर रोखून धरी, नवे काही घडताच ते पाठवी, आणि ब्राउझर लगेच पुढची विनंती त्याच्या दारात उभी करी. अशा तंत्रांना संगणक अभियंता अॅलेक्स रसेल यांनी २००६ मध्ये ‘कॉमेट’ हे नाव दिले. डिसेंबर २०११ मध्ये ‘वेबसॉकेट’ हे संपर्काचे तंत्र प्रमाणित झाले, आणि सर्व्हरच्या ‘१०१’ या सांकेतिक उत्तरानंतर तीच जोडणी दोन्ही बाजूंसाठी खुली राहू लागली.