विनंतिअर्ज, सार्वजनिक

विनंतिअर्ज, सार्वजनिक : राज्यकारभाराचे एखादे धोरण बदलावे, नवा कायदा करावा, असलेला रद्द करावा किंवा एखाद्या सामाजिक अन्यायास शासनाने आळा घालावा, अशा हेतूने अनेक नागरिकांनी सह्या करून शासनसंस्थेकडे एकत्रितपणे केलेला लेखी अर्ज. व्यक्तिगत तक्रार आणि सार्वजनिक विनंतिअर्ज यांत मूलभूत भेद आहे. तक्रारदाराला स्वतःपुरती दाद हवी असते. सार्वजनिक अर्जावर सही करणारा जे मागतो, ते सही न करणाऱ्यालाही मिळावयाचे असते. न्यायालयातील याचिका याहून निराळी, कारण तिच्यावर न्यायालयास काही ना काही निर्णय द्यावाच लागतो. सार्वजनिक अर्जाला उत्तर देण्याचे बंधन मात्र शासनावर दीर्घकाळ नव्हते व पुष्कळ ठिकाणी आजही नाही. या संस्थेचा इतिहास बव्हंशी याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात गावाने एकत्र येऊन कागदावर साक्ष उमटविण्याची रीत इंग्रजी अंमलापूर्वीची आहे. वतनाच्या वा हद्दीच्या वादात गोतसभेने दिलेल्या निवाड्याचा महजर होत असे. त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या असत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी अशी ज्याची त्याची खूण ठरलेली असे. अक्षरओळख नसणाऱ्यालाही कागदावर स्थान होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढील काळात अंगठ्याने निशाण्यांची जागा घेतली, तेव्हा सर्व निरक्षर एकसारखे दिसू लागले. तथापि महजर हा निवाड्याचा पुरावा होता, राज्यकर्त्याकडे केलेली मागणी नव्हे.

मागणीचा अर्ज हा प्रकार मराठी समाजाने ब्रिटिशांच्या प्रथेवरून घेतला. इंग्लंडमध्ये राजाकडे अर्ज करण्याचा प्रजेचा हक्क १६८९ च्या हक्कांच्या सनदेने मान्य केला होता. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध व पुढे मताधिकाराच्या विस्तारासाठी तेथे प्रचंड सह्यांचे अर्ज पार्लमेंटकडे गेले. सनदवाद्यांच्या (चार्टिस्ट) १८४२ च्या अर्जावर सु. ३३ लक्ष सह्या होत्या. १८४८ च्या अर्जावर ५७ लक्ष सह्या असल्याचा दावा होता. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या, तेव्हा त्या २० लक्षांहून कमी भरल्या व त्यांत अनेक बनावट नावे सापडली. चळवळीची त्यामुळे पुष्कळ थट्टा झाली. परंतु त्यांच्या सहा मागण्यांपैकी पाच कालांतराने कायद्यात आल्या. सहीची खरी-खोटी संख्या आणि मागणीची योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रातील वाटचाल : ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे १८५३ मध्ये नूतनीकरण व्हावयाचे होते. ती संधी साधून मुंबईत २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. जगन्नाथ शंकरशेट, दादाभाई नवरोजी, भाऊ दाजी लाड प्रभृती तिचे धुरीण होते. संस्थेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. कंपनी व नियामक मंडळ यांच्या दुहेरी कारभारावर त्यात टीका होती. कायदेमंडळात व वरिष्ठ नोकऱ्यांत एतद्देशीयांना स्थान मिळावे, अशी मागणी होती. १८५३ च्या कायद्याने मुलकी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षा सुरू केली, पण ती लंडनमध्ये. कायदेमंडळात हिंदी सभासद येण्यास १८६१ चा कायदा व्हावा लागला आणि १८६२ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांचीच मुंबईच्या कायदेमंडळावर नियुक्ती झाली.

सही करणारा कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न पुण्याच्या सार्वजनिक सभेने प्रथम गांभीर्याने घेतला. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम तिने केला. मताधिकार नसलेल्या देशात प्रतिनिधित्वाची ही योजना कल्पक होती, यात शंका नाही. मात्र मुखत्यारपत्रे देणारे आणि घेणारे बहुधा सुशिक्षित व प्रतिष्ठित वर्गांतील होते, हेही तितकेच खरे. महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली सभेच्या अर्जांना आकडेवारीची व प्रत्यक्ष चौकशीची जोड मिळाली. हिंदुस्थानास ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रत्यक्ष प्रतिनिधित्व असावे, असा अर्ज सभेने १८७५ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सकडे पाठविला. १८७६–७८ च्या दुष्काळात तिचे लोक जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करीत होते. १८९६ च्या दुष्काळात, सभा लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली असताना, तिने दुष्काळसंहितेतील सवलती शेतकऱ्यांना समजावून देण्यासाठी माणसे पाठविली. याचा परिणाम म्हणून १८९७ मध्ये मुंबई सरकारने, सार्वजनिक धोरणाविषयी सरकारला अर्ज करण्याचा या संस्थेचा अधिकार आपण मानीत नाही, असे जाहीर केले. अर्ज फेटाळणे निराळे आणि अर्जदारच नाकारणे निराळे. सरकारला सभेच्या मागण्यांपेक्षा, सरकारचेच नियम शेतकऱ्याच्या हाती देण्याची तिची रीत अधिक खुपली असावी, असे दिसते.

याच काळात समाजाच्या इतर थरांतूनही अर्ज होऊ लागले होते आणि त्यांचे मोल अधिक मानले पाहिजे, कारण या अर्जदारांना गमावण्यासारखे बरेच होते. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना-आयोगापुढे ठेवले. मागण्या साध्या होत्या : रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई. कारखान्यांवरील निर्बंध ही लँकशरच्या कारखानदारांची चाल आहे, असे मानून तत्कालीन राष्ट्रीय वृत्तपत्रांपैकी अनेकांनी अशा कायद्यांना विरोध केला होता. त्यामुळे लोखंडे यांना मालक व देशभक्त अशा दोहोंना तोंड द्यावे लागले. दीनबंधु पत्रातून त्यांनी हा विषय सतत मांडला. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सु. दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. अर्ज आणि सुटी यांच्यामध्ये जवळजवळ सहा वर्षे गेली.

महार समाजाची लष्करातील भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, तेव्हा दापोलीचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये तिच्या पुनरारंभासाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा घेऊन मुंबई सरकारकडे निवेदन पाठविले. १९१० मध्ये त्यांनी भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे लंडनला अर्ज केला. सैन्य-पोलिसांत प्रवेश व सार्वजनिक जीवनात माणुसकीची वागणूक या त्यातील मुख्य मागण्या होत. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली व युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली गेली. अर्जातील युक्तिवादापेक्षा सरकारची निकड अधिक परिणामकारक ठरली, असा याचा अर्थ होतो. तरीही सह्यांसाठी गावोगाव झालेल्या सभांनी एक संघटना घडविली, जिचा उपयोग पुढील चळवळींना झाला.

सह्यांच्या बळावर सुधारणा अडविण्याचे प्रयत्नही कमी झाले नाहीत. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याच्या बाजूने आलेल्या अर्जांपेक्षा विरोधी अर्जांवरील सह्या कित्येक पटींनी अधिक होत्या. तरी कायदा झाला.

हैदराबाद संस्थान व मराठवाडा : ब्रिटिश मुलखात अर्जाची उपेक्षा होत असे; निजामाच्या राज्यात अर्ज लिहिण्यासाठी जमणेच दुरापास्त होते. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानान्वये पूर्वपरवानगीवाचून सार्वजनिक सभा घेता येत नसे. अशा परिस्थितीत लोकजागृतीचे काम शाळांकडे आले. माकणी ज्या लोहारा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या मराठवाड्यातील कार्याचा प्रारंभ तेथूनच झाला. १९३७ मध्ये परतूर येथे भरलेल्या महाराष्ट्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनापासून ठराव व मागण्यांना संघटित रूप आले. परंतु १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेआधीच बंदी आली आणि विनंतीचा मार्ग खुंटून सत्याग्रह सुरू झाला.

स्वातंत्र्योत्तर काळ : राज्य पुनर्रचना आयोगाकडे (१९५३–५५) देशभरातून १,५२,२५० निवेदने, ठराव व तारा आल्या. त्यांपैकी नीट विचार करून लिहिलेली निवेदने सु. दोन हजारांपेक्षा अधिक नसल्याचे आयोगाने नमूद केले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला आयोगाने नकार दिल्यावर तो प्रश्न रस्त्यावर व मतपेटीतून सुटला. लोकसभेची याचिका समिती व महाराष्ट्र विधिमंडळाची विनंती अर्ज समिती ही या संस्थेची आजची अधिकृत रूपे होत. सामान्य नागरिकाला त्यांची माहिती फारशी नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर सामूहिक अर्जाला या भागात अगदी वेगळे महत्त्व आले. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन ठरले. कमी हानी झालेल्या गावांना जागच्या जागी बांधणी वा दुरुस्तीसाठी साहाय्य मिळावयाचे होते. तेरणा नदीवरील धरणामुळे माकणीचे नाव आधीच सर्वज्ञात होते. भूकंपानंतर या जलाशयाचा व भूकंपाचा संबंध जोडला जाऊन लोकांत घबराट पसरली. शास्त्रज्ञांतही त्यावर वाद झाला. जुन्या दगड-मातीच्या घरात पुन्हा झोपण्याची भीती कोणत्याही सर्वेक्षणात मोजली गेली नव्हती. यादीबाहेरील अनेक गावांनी स्थलांतराची मागणी केली, ती या भीतीपोटी. पुनर्वसनाच्या आराखड्यावर गावसभेत चर्चा करण्याची तरतूद असल्याने अशा मागण्यांना निदान सुनावणी मिळाली.

संगणकीय अर्ज : महाजालावरून सह्या घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००६ पासून पंतप्रधानांच्या कार्यालयाने चालविली. रस्तावापरावरील प्रस्तावित आकारणीविरुद्ध २००७ मध्ये १८ लक्षांहून अधिक सह्या झाल्या. २०१५ पासून ही व्यवस्था हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीकडे आहे. अर्ज सहा महिने खुला राहतो. १०,००० सह्यांना शासनाचे लेखी उत्तर मिळते व १,००,००० सह्या झाल्यास चर्चेसाठी विचार होतो. यूरोपीय संघ सोडण्याचा निर्णय मागे घ्यावा, या २०१९ च्या अर्जावर ६१ लक्षांहून अधिक सह्या झाल्या. त्यावर चर्चा झाली; निर्णय बदलला नाही. भारतातील शेतकरी आंदोलनासंबंधीच्या अर्जावर ८ मार्च २०२१ रोजी तेथील सभासदांनी चर्चा केली, तेव्हा भारत सरकारने तीव्र आक्षेप घेतला. पुण्याहून लंडनला अर्ज पाठविण्याच्या काळापासून काळाने घेतलेले हे वळण विलक्षण म्हणावे लागेल.

भारतात ठरावीक सह्यांनंतर उत्तर देण्याचे असे बंधन नाही. तथापि २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने महाजालाच्या समान वापरासंबंधी मते मागविली, तेव्हा दहा लक्षांहून अधिक नागरिकांनी ई-मेलद्वारे मत कळविले व फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने भेदभावी दरांस मनाई केली. महाराष्ट्र शासनाचे ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ २६ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाले. माकणीच्या शेतकऱ्याला त्यामुळे लोहाऱ्याच्या तहसिलीत खेटे न घालता तक्रार नोंदविता येते. पण ती त्याची एकट्याची तक्रार असते. दरमहा भरणाऱ्या लोकशाही दिनाच्या नियमांतही निवेदन वैयक्तिक स्वरूपाचे असावे, अशी अट आहे. म्हणजे गावाने मिळून केलेल्या मागणीसाठी तेथे जागा नाही.

सहीला कायद्याचे निश्चित बळ मिळाले, ते एका वेगळ्याच क्षेत्रात. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील वा प्रभागातील एकूण मतदारांपैकी किंवा स्त्री मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्या करून मागणी केल्यास दारूचे दुकान बंद करण्याविषयी गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात. मतदानाआधी अर्जावरील प्रत्येक सहीची मतदारयादीशी पडताळणी होते. ज्या घरातील पुरुष दुकानाचा गिऱ्हाईक आहे, तेथील स्त्रीला आपल्या सहीला पुन्हा दुजोरा द्यावयाचा असतो. हा टप्पा सर्वांत कठीण. त्यापुढे, झालेल्या मतदानाच्या नव्हे तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. ऊसतोडीला गेलेल्या, माहेरी असलेल्या किंवा मृत होऊनही यादीत नाव राहिलेल्या स्त्रियांची गणना त्यामुळे आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूस होते.